भोसरीचा तास, हिंजवडीचा तास

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भोसरी एमआयडीसीत तुमचं सोळा माणसांचं मशीन शॉप आहे, वर्षाची विक्री ४ कोटी. तुमचे मेहुणे हिंजवडीत तीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवतात, त्यांची विक्री ६ कोटी. भागाकार केला तर माणशी विक्री तुमची २५ लाख आणि त्यांची २० लाख. कागदावर तुम्ही पुढे. तरी वर्षाअखेर पैसा त्यांच्याकडे उरतो, आणि तुम्ही मार्चमध्ये ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून मागायला बँकेत बसलेले असता. म्हणून तुम्ही विचारलंय, माझी माणसं पाट्या टाकतात का? आणि पुण्यातल्या निरनिराळ्या धंद्यांतल्या कामगारांची उत्पादकता शेजारी ठेवून बघायची, तर ती कशी?

मी प्रॉडक्शन इंजिनिअर. १९८९ साली पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात वर्क स्टडी विभागात लागले, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या विभागात. छातीशी फळी, फळीवर स्टॉपवॉच अडकवलेलं. आम्ही शॉपमध्ये शिरलो की एक माणूस हातोडीने पाइपवर दोनदा टकटक करायचा आणि अख्ख्या लाइनचे हात संथ व्हायचे. त्यांचं चूक नव्हतं. आम्ही लिहिलेल्या मिनिटांवर पुढच्या वेतन कराराचा इन्सेंटिव्ह ठरणार होता. तेरा वर्षांनी ती नोकरी सोडली आणि तेव्हापासून भोसरी, चाकण, रांजणगावच्या लहान-मध्यम कारखान्यांत हेच काम करते. आता टकटक होत नाही. मालक मात्र तुम्ही विचारलेला प्रश्न दर महिन्याला विचारतात.

विक्री आधी बाजूला ठेवा. तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून बघा. चार कोटींतले २ कोटी ४० लाख बार आणि फोर्जिंगचे आहेत. ते स्टीलवाल्याचे पैसे. तुमच्या गेटमधून आत आले आणि मालाबरोबर बाहेर गेले. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगचं बाहेरचं जॉब वर्क ४० लाख. वीज, इन्सर्ट (धातू कापणारे बदलते तुकडे), कूलंट, ऑइल, टेम्पोभाडं मिळून ३२ लाख. उरले ८८ लाख. तुमच्या शॉपने मालात घातलेली भर एवढीच, हिला मूल्यवर्धन म्हणतात. माणशी साडेपाच लाख. मेहुण्यांच्या सहा कोटींतून जागेचं भाडं, सर्व्हर, लायसन्स, प्रवास असे १ कोटी २० लाख गेले की ४ कोटी ८० लाख राहतात, माणशी १६ लाख. तुमच्या शेजारच्या गाळ्यात कुणी लेबर जॉब करत असेल, म्हणजे माल पार्टीचा, काम देणाऱ्या गिऱ्हाइकाचा, आणि मशीनिंग फक्त त्याचं, तर त्याची विक्री तुमच्या निम्मीही दिसणार नाही. मूल्यवर्धन मात्र तुमच्याइतकंच असू शकेल. म्हणून माणशी विक्रीवरून दोन धंद्यांची तुलना करणाऱ्याचं मी पुढे ऐकत नाही.

आता तास बघू. तुमची माणसं वर्षाला सुमारे ३०० दिवस येतात, आठ तास अधिक सरासरी दोन तास ओव्हरटाइम. झाले ३,००० तास. मेहुण्यांची मंडळी २४० दिवस, रोज नऊ तास धरा, २,१६० तास. भाग दिला तर तुमच्याकडे तासाला साधारण १८३ रुपये, त्यांच्याकडे ७४१. माणशी बघताना तिप्पट वाटलेला फरक ताशी बघताना चौपट निघाला. तुमचा साडेपाच लाखांचा आकडा ओव्हरटाइमने फुगवलेला होता. शिवाय ओव्हरटाइमचा तास कायद्याने दुप्पट दराचा, आणि माझ्या अनुभवात नवव्या-दहाव्या तासातलं रिजेक्शन पहिल्या तासापेक्षा नेहमीच जास्त.

ही चौपट दरी घामातून आलेली नाही. उत्पादकतेच्या भागाकारात वर रुपये असतात, नग नसतात, आणि रुपयांत भाव मिसळलेला असतो. तुमचा भाव तुमच्या हातात नाही. मशीन अवर रेट, म्हणजे मशीनच्या तासाचा दर, पार्टीचा परचेसवाला ठरवतो, त्याच्यासमोर तुमच्यासारखे आणखी चार व्हेंडर कोटेशन घेऊन बसलेले असतात, आणि दरवर्षी तो वर कॉस्ट डाउन, म्हणजे दरात कपात, मागतो. तुमच्या सेटरने, म्हणजे मशीन कामाला लावून देणाऱ्याने, डोकं लावून सायकल टाइम, एका नगाला लागणारा वेळ, सात मिनिटांवरून सहावर आणला, तर पुढच्या ऑडिटला पार्टीचा माणूस मशीनपाशी घड्याळ धरून उभा राहतो आणि दर खाली येतो. नग वाढले, रुपये होते तिथेच राहिले. उत्पादकता वाढली ती तुमच्या शॉपमध्ये, दिसली ती मोटार कंपनीच्या ताळेबंदात. मेहुण्यांचं बिल डॉलरमध्ये फाटतं. जुलै १९९१च्या पहिल्या आठवड्यात रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, तेव्हा निर्यात करणाऱ्या प्रत्येकाची रुपयांतली माणशी उत्पादकता तीन दिवसांत वाढली. कुणी एक बटण जास्त दाबलं नव्हतं.

याच्या उलटही होतं. कोथरूडच्या सलूनमधला कारागीर अर्ध्या तासात एक डोकं करतो आणि वेल्ह्याच्या बाजारपेठेतला कारागीरही तेवढ्याच वेळात. कैची तीच, वेळ तोच, कोथरूडचा दर मात्र कितीतरी जास्त. का, तर कोथरूडच्या त्या पोराला दुकानात टिकवायचं असेल तर आसपासच्या नोकऱ्यांच्या पगाराशी झुंजावं लागतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बाउमोल यांनी १९६०च्या दशकात हे कोडं वादकांच्या उदाहरणाने उलगडलं होतं. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सव बघा. १९५३ साली तो सुरू झाला तेव्हा तासाभराच्या ख्यालाला एक गायक, तबला, पेटी आणि मागे तानपुरे लागायचे. आजही तेवढेच लागतात. त्याच काळात लेथवरचं काम संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर जाऊन किती पट झालं! गवयाची मानधनं तरी वाढतच गेली, कारण बाकीचं पुणे वाढलं. तेव्हा सलून, शिकवणी, नर्सिंग, घरकाम या धंद्यांतला रुपयांचा आकडा त्या कामगाराचं कसब कमी सांगतो आणि शहराची श्रीमंती जास्त सांगतो.

भागाकाराच्या खालच्या बाजूलाही घोळ आहे. मोठ्या कंपन्यांचं 'प्रति कर्मचारी इतकी वाहनं' असं काही वाचलंत तर आधी विचारा, कर्मचारी म्हणजे कोण कोण मोजले? देशभरातल्या कारखान्यांत आज दर दहा कामगारांतले सुमारे चार ठेकेदारामार्फत आलेले असतात. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत ते मोजले जातात, कंपनीच्या झगमगीत सादरीकरणात बऱ्याचदा नसतात. आणि जे काम पूर्वी पिंपरीत कंपनीच्या छताखाली व्हायचं ते आता तुमच्यासारख्यांच्या गाळ्यांत होतं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा उभा राहिला तो याच पायावर, मध्ये मोठा कारखाना आणि भोवती जॉब वर्कवाले. कमी मूल्यवर्धनाची कामं बाहेर ढकलली की आत राहिलेल्यांची सरासरी आपोआप चढते. हुशार पोरं दुसऱ्या तुकडीत पाठवली की पहिल्या तुकडीचा निकाल पडतो ना, तसंच, फक्त उलट्या बाजूने.

जिल्ह्याचे आकडे वापरायचे असतील तर एक जपा. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हावार उत्पन्नाचे अंदाज काढतं, ते उपयोगी आहेत. पण असंघटित क्षेत्रात, म्हणजे छोटी दुकानं, दुरुस्ती, वाहतूक यांत, जिथे थेट हिशेब मिळत नाहीत तिथे राज्याचा आकडा बऱ्याच अंशी कामगारांच्या संख्येच्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटला जातो. संख्येवरून वाटलेल्या उत्पन्नाला पुन्हा संख्येने भागून 'पुण्याच्या दुकानदाराची उत्पादकता अमुक' असं कुणी काढलं, तर जे घातलं तेच बाहेर आलं. हा उद्योग मी एमबीएच्या प्रकल्पांत इतक्यांदा पाहिलाय की आता हसूही येत नाही. नोंदणीकृत कारखान्यांचं तसं नाही, त्यांचे हिशेब पाहणीत थेट घेतले जातात.

शेतीबद्दल एकच. देशात सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाकीच्या धंद्यांत माणशी मूल्यवर्धन शेतीच्या जवळपास चौपट. जुन्नर-आंबेगावचा पोरगा चाकणच्या लाइनवर आला की जिल्ह्याची सरासरी वर जाते, मग ना शेती सुधारलेली असो ना कारखाना. तोच पोरगा चाकणला न पोचता दुचाकीवर पार्सलं पोचवायला लागला तर सरासरी किती वर जाईल, हे मला सांगता येईल असं वाटत नाही.

मार्केट यार्डचा मात्र विषय काढल्याशिवाय राहवत नाही, कारण वर्क स्टडी मी शिकले कारखान्यात पण मला ती समजली गुलटेकडीला. बाबा आढावांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली, पुढे १९६९ साली राज्यात माथाडी कायदा आला. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाची फेरी स्टॉपवॉचवर फार देखणी दिसते. पोतं पन्नास किलोचं करा ही मागणी आली तेव्हा कुणीही फळीवाला म्हणेल, फेरीमागे उत्पादन निम्मं झालं. पण ओझं निम्मं झाल्यावर फेरीचा वेळ कमी होतो, विश्रांतीची गरज त्याहून जास्त कमी होते, आणि खरा फरक स्टॉपवॉचवर मावतच नाही. एका हमालाने मला त्याचा मणका दाखवला होता, मानेखाली लिंबाएवढा उंचवटा. वय ४४. शंभर किलोच्या हिशेबात त्याची पुढची सोळा वर्षं शून्याने गुणायची होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणा अशी शिफारस केली होती. कुठल्याही धंद्याची उत्पादकता विचारताना 'किती वेळात' याच्याबरोबर 'किती वर्षं' हेही विचारायची सवय मला तेव्हा लागली.

आता तुमच्या शॉपकडे येऊ. पाट्या टाकतात का, याचं उत्तर कागदावर काढता येतं. तुमच्यासारख्याच एका शॉपमधल्या सीएनसीची एक शिफ्ट देते. काम बुशचं, सायकल टाइम १ मिनिट १२ सेकंद. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण ३० आणि दोन चहा मिळून २० गेले, राहिली ४३०. त्यातली ७० मिनिटं सेटिंग बदलण्यात, ३५ मिनिटं माल यायची वाट बघण्यात, २५ मिनिटं पहिला पीस पास होण्यात. मशीन प्रत्यक्ष चाललं ३०० मिनिटं. निघाले २२० नग, त्यातले चांगले २०९. आता तीन भाग पाडा: चाललं ७० टक्के वेळ, चालताना वेग ८८ टक्के, चांगल्या नगांचं प्रमाण ९५ टक्के. गुणाकार ५८ टक्क्यांच्या आसपास. जपानच्या सेइची नाकाजिमांनी रूढ केलेला हा हिशेब आज ओईई नावाने प्रत्येक ऑडिटरच्या तोंडी असतो. ऑपरेटरच्या हातात यातलं काय? वेगातले १२ टक्के, तेही पूर्ण नाहीत. सगळ्यात मोठा खड्डा १३० मिनिटांचा, आणि त्यातलं एकही मिनिट त्याने वाया घालवलेलं नाही.

ती २५ मिनिटं मी जवळ उभं राहून पाहिली होती. ऑपरेटर पुरंदरकडचा, विशीतला. पहिला पीस कापडाने पुसून तळहातावर घेऊन क्वालिटीच्या टेबलापाशी गेला. टेबलावर हाइट गेज एक, इन्स्पेक्टर एक, आणि आधीच दोघं आपापले पीस घेऊन उभे. मागे त्याचं मशीन दार उघडं टाकून थंड. इन्स्पेक्टर फोनवर पार्टीला कालच्या रिजेक्शनचं स्पष्टीकरण देत होता. पोरगा काही बोलला नाही, पीस या हातातून त्या हातात घेत राहिला. बरोबर त्याच वेळी मालक केबिनच्या काचेतून बघून मला म्हणाले, "बघा मॅडम, उभेच असतात!" आम्ही मशीनपाशी एक स्नॅप गेज आणि एक प्लग गेज दिला, पहिल्या पाच नगांची नोंद ऑपरेटरनेच करायची ठरवली आणि इन्स्पेक्टरने मागाहून फिरतीवर तपासायचं. २५ची ७ मिनिटं झाली.

दुसरा किस्सा चिंचवडच्या एका शॉपमधला. तिथे इन्सर्ट मालकांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचे, चोरी होते म्हणून. किल्ली मालकांच्या खिशात. मालक दुपारी निगडीला घरी जेवायला जायचे. एका दुपारी धार गेली आणि व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) ५० मिनिटं बंद, काही शे रुपयांच्या तुकड्यासाठी. मी हिशेब मांडून दाखवला की महिनाभर रोज एक इन्सर्ट चोरीला गेला तरी हे कुलूप महाग पडतं. मालक म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे. त्यांच्याकडचं काम मी पुढे घेतलं नाही.

सेटिंगची ७० मिनिटं कमी करण्याचा रस्ता जुना आहे. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९च्या सुमारास हजार टनी प्रेसची डाय बदलायचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. युक्ती साधी: मशीन चालू असताना करता येईल ते सगळं आधी करून ठेवायचं. टूल प्रीसेट, जॉज, प्रोग्रॅम, पुढचा माल, सगळं ट्रॉलीवर. तीन मिनिटांचा नाद तुम्ही धरू नका, ७०ची ३० झाली तरी त्या एका मशीनवर शिफ्टला तीसेक नग वाढतात.

माणसं बदलण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ती तुमची सगळ्यात महागडी सवय वाटते. २४० दिवस भरले की कायम करण्याचा दावा उभा राहील या धास्तीने सात महिन्यांनी ठेकेदाराकडून नवा माणूस घ्यायचा. टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमानबांधणीत मोजलं होतं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की नगामागचा श्रमवेळ दर वेळी सुमारे २० टक्क्यांनी उतरतो. पहिल्या नगाला दहा मिनिटं लागली तर दुसऱ्याला आठ, चौथ्याला ६.४, आठव्याला ५.१. सीएनसीवर कापण्याचा वेळ प्रोग्रॅम ठरवतो, तिथे एवढं होणार नाही. पण सेटिंग, डिबरिंग (कडांची कूस काढणं), तपासणी, असेंब्ली, जिथे जिथे हात आहे तिथे हे होतं. सात महिन्यांनी तुम्ही तो उतार पुसून माणसाला पुन्हा दहा मिनिटांवर आणून ठेवता. पुढे त्याचा वेग बघून म्हणता, पाट्या टाकतो.

काही मिनिटं तुमच्याही हातात नाहीत, तीही प्रामाणिकपणे वेगळी लिहा. वीज क्षणभर झपकली की सीएनसी ट्रिप होतं, अर्धवट कापलेला जॉब भंगारात जातो आणि पुन्हा होमिंगपासून, म्हणजे मशीन मूळ जागी आणण्यापासून, सुरुवात. चाकणच्या तळेगाव चौकात तुमचा टेम्पो दीड तास अडकला तर पार्टीची लाइन थांबण्याची धमकी येते, म्हणून तुम्ही दोन दिवसांचा माल जास्तीचा करून ठेवता, तो ठेवायला जागा लागते आणि पैसा अडकतो. हे नुकसान ना तुमच्या कामगाराचं ना तुमचं, पण भागाकारात त्या कामगाराच्याच नावावर पडतं. मेहुण्यांच्या माणसांचे हिंजवडीच्या रस्त्यातले दोन तास त्यांच्या २,१६०त धरलेले नाहीत. ते धरले, तर त्यांचे ७४१ रुपयेही सहाशेच्या आसपास येतात.

आता करायचं काय. स्टॉपवॉच नको, त्याने माणसं बिथरतात. ब्रिटनच्या कापड गिरण्यांत एल. एच. सी. टिपेट यांनी १९३०च्या दशकात रुजवलेली नमुना नोंदीची पद्धत वापरा. अनियमित वेळी शॉपमधून फेरी मारायची आणि प्रत्येक मशीनसमोर त्या क्षणी काय दिसतंय तेवढीच खूण करायची. मशीनं सुमारे ३० टक्के वेळ बंद असतात असा अंदाज धरला आणि उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर ३३६ नोंदी पुरतात. तुमची मशीनं आठ, म्हणजे ४२ फेऱ्या. दिवसाला सात, सहा दिवस. फेऱ्यांच्या वेळा आदल्या रात्री चिठ्ठ्या उचलून ठरवा, नाहीतर तुम्ही नकळत चहाच्या वेळेलाच फिराल. वीज जाऊन सगळी मशीनं एकदम बंद पडली तर त्या आठ नोंदी वेगळ्या ठेवा, त्यांना आठ स्वतंत्र साक्षीदार धरू नका. माणसांना आधी सांगा की खूण मशीनची आहे, माणसाची नाही. आणि ते खरं असू द्या. कुणाचंही नाव त्या कागदावर नको.

गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारपासून सुरू करा, म्हणजे पुढच्या बुधवारी पूर्ण आठवडा भरेल. रकाने असे आखा: चालू, सेटिंग, मालाची वाट, तपासणीची वाट, टूलची वाट, बिघाड, वीज, माणूस जागेवर नाही. नववा रकाना 'मालकाची वाट'. तुमचं इन्सर्टचं कपाट कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तो आवर्जून ठेवायला सांगतेय. तक्ता भरला की पाठवा, वेतनवाढीचं आणि नव्या मशीनचं तो बघून बोलू.